मोटारीचा जीर्णोद्धार

बडोद्याच्या दांडिया बाजारातील माझ्या माहेरच्या घरामागे, अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली, साठांहून अधिक वर्षे एक मोटार उभी आहे. दोनच माणसे बसतील एवढी तिची बैठक. पुढे लांब नाक, दोन्ही बाजूंना मोठाले उघडे दिवे, वाकदार मडगार्ड आणि डोक्यावर कापडी टप. पाऊस अडवण्याशी या टपाचा संबंध नाममात्रच. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या दादाने, ती १९६१ साली परदेशी परतणाऱ्या एका गृहस्थाकडून विकत घेतली, तेव्हा आमचे वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "घरात माणसे नऊ, आणि मोटार दोघांची!"

दादा २०१९ साली गेला. मागे वहिनी, दोन मुलगे आणि ही मोटार. थोरला इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ नोकरीला आहे, धाकटा इथेच बडोद्यात. दोघेही गुणी, एकमेकांवर जीव असलेले. घराच्या वाटणीवरून त्यांच्यात कधी शब्दाने शब्द वाढला नाही. तो वाढला या मोटारीवरून. गेल्या दिवाळीत थोरला घरी आला असता एका संध्याकाळी वहिनींचा मला फोन आला, "वन्सं, तुम्हीच येऊन सांगा यांना. दोघांनी जेवणावरून पाने सोडली." मी गेले, आणि माझ्या पंचाहत्तरीत मला मोटारींचा न्यायनिवाडा करावा लागला. त्याचीच हकिगत आज सांगणार आहे, कारण प्रश्न मोटारीचा असला तरी तो केवळ मोटारीपुरता नाही.

आधी मोटारीची ओळख. ती एम.जी. टीडी या जातीची. इंग्लंडमधील ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत अशा सुमारे ३०,००० मोटारी तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. एंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, शक्ती ५४ अश्वांची. चॅसिस पोलादी, परंतु त्यावरील अंग म्हणजे ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर मढवलेला पत्रा. म्हणजे ही मोटार लोहाराइतकीच सुताराचीही लेक. तिच्या एंजिनाचे आटे मेट्रिक मापाचे, पण बोल्टांची डोकी मात्र ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. ज्या मिस्त्रीला हे ठाऊक नसे तो डोक्याला बसणारा पाना पाहून त्याच मापाचा नवा बोल्ट आणी आणि आटे ठेचून ठेवी. दादा म्हणायचा, "ही बाई वरून इंग्रज आणि आतून फ्रेंच आहे." त्याचे म्हणणे विनोदी असले तरी खोटे नव्हते, आट्यांची ही रीत मॉरिस कंपनीकडे एका फ्रेंच एंजिन-कारखान्यामार्फत आली होती.

ही मोटार माझ्याही आयुष्यात आहे. १९७४ च्या मे महिन्यात दादा मला तिच्यातून पावागडला घेऊन निघाला होता. हालोलच्या अलीकडे एंजिनातून घण पडल्यासारखा आवाज आला, गाडी हिसका देऊन थांबली आणि रस्त्यावर काळ्या तेलाची रांगोळी झाली. क्रँकशाफ्ट मोडला होता. ब्लॉकलाही खालच्या बाजूने तडा गेला होता. आम्ही बहीणभाऊ एका मालट्रकमागे दोर बांधून घरी परतलो. मी सुकाणू धरले होते, आणि दादा शेजारी बसून एक शब्दही बोलत नव्हता.

त्या काळी विलायती सुटा भाग मागवायचा म्हणजे परवाना हवा, परकीय चलन हवे, आणि दोन्ही मिळाली तरी वाट पाहण्याइतके आयुष्य हवे. दादा वर्षभर थांबला. मग १९७५ साली त्याने त्या मोटारीत ॲम्बॅसॅडरचे एंजिन बसवले. ही निवड वाटते तितकी विजोड नव्हती. ॲम्बॅसॅडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे एंजिन हे मूळचे इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी' मालिकेतील. टीडीनंतर काही काळाने आलेल्या एमजीए या मोटारीत त्याच घराण्यातले एंजिन होते. म्हणजे परक्या कुळातली सून आली असे न म्हणता चुलतघरची आली असे म्हणावे लागेल. तिचे सुटे भाग गावोगावी मिळत. दादाच्या एका मिस्त्रीने लेथवर एक जाड पोलादी पट्टी घडवून ते एंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडले, नोंदणीपुस्तकात नव्या एंजिनाचा क्रमांक रीतसर चढवला गेला, आणि मोटार पुन्हा रस्त्यावर आली. त्या एंजिनावर ती दादाच्या अखेरपर्यंत, ४४ वर्षे चालली.

आता वादाकडे वळू. त्याची ठिणगी पडली ती २०२३ च्या जानेवारीत. त्या महिन्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा सोहळा भरला होता. थोरला त्यासाठी मुद्दाम आला होता. तेथील एकेक मोटार कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारखी उभी पाहून त्याच्या मनाने घेतले, की बाबांची मोटारही अशीच झाली पाहिजे. ॲम्बॅसॅडरचे एंजिन काढून टाकायचे, पायऱ्यांखाली पडलेले मूळ एंजिन दुरुस्त करून बसवायचे. दादाच्या आधीच्या मालकाने दिलेला हिरवा रंग खरवडून मूळचा हस्तिदंती रंग द्यायचा. दरवाज्याच्या चौकटीत दादाने घातलेले सागाचे तुकडे उपटून पुन्हा ॲश लावायचे. इंग्लंडात या मोटारींचे क्रँकशाफ्टपासून काचेच्या रबरापर्यंत सर्व काही आज नव्याने तयार होऊन मिळते, हे तो जाणून होता. "आत्या," तो मला म्हणाला, "ॲम्बॅसॅडरचे एंजिन असलेली एम.जी. म्हणजे पैठणीला लावलेले सुती ठिगळ. बाबांचा नाइलाज होता म्हणून त्यांनी लावले. माझा नाइलाज नाही."

धाकट्याचे म्हणणे याच्या अगदी उलट. त्याला मोटार वापरायची होती. "बाबांनी मूळ एंजिनावर मोटार चालवली तेरा वर्षे आणि ॲम्बॅसॅडरच्या एंजिनावर चव्वेचाळीस. मग सांग आत्या, आमच्या मोटारीचे मूळ एंजिन कोणते?" एवढ्यावर तो थांबला असता तर मी तेथेच त्याला उजवे माप दिले असते. पण त्याचा बेत पुढे होता. एकदा एंजिन बदललेच आहे, तर आता एखादे नव्या धर्तीचे, संगणकाने इंधन मोजून देणारे एंजिन घालावे, पाच गिअर असावेत, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असावेत. त्यासाठी चॅसिसचा एक आडवा दांडा आणि एंजिनामागचा पत्रा कापावा लागेल, तो कापावा. कॅलिफोर्नियात जुन्या पोर्श ९११ उकलून त्यांना नवे अवयव देतात आणि मूळ मोटारीच्या कितीतरी पट किमतीला विकतात, हेही त्याने मला ऐकवले.

दोघांची बाजू पोकळ नव्हती. धाकट्याच्या बाजूने इतिहास बोलतो. एम.जी. ही मोटारच मुळी फेरफारातून जन्मली. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या दुकानाचे व्यवस्थापक सेसिल किम्बर यांनी १९२० नंतरच्या दशकात मॉरिसच्या साध्या घरगुती मोटारींवर सुबक, वेगवान अंगे चढवून विकायला सुरुवात केली, आणि त्या दुकानाची आद्याक्षरे म्हणजेच एम.जी. टीडीचे एंजिनही मॉरिस टेन या कुटुंबवत्सल मोटारीच्या एंजिनावरून बेतलेले. इतकेच नव्हे, तर त्या एंजिनाची शक्ती पायरीपायरीने कशी वाढवावी याची पुस्तिका खुद्द कारखानाच काढीत असे. अशा मोटारीला हात लावू नये, असे तिच्या जन्मदात्यांनी कधीच म्हटले नव्हते. आमच्या इंदूरच्या वाचकांना होळकर महाराजांची ड्यूसेनबर्ग ऐकून माहीत असेल. १९३० नंतरच्या त्या दशकात तिची चॅसिस आली अमेरिकेतून, अंग बेतले लंडनच्या गर्नी नटिंग यांनी, आणि रंग केशरी-काळा. एका कारखान्याने एक वस्तू पूर्ण करून द्यावी आणि तिलाच 'मूळ' म्हणावे, ही कल्पना त्या काळच्या मोटारींना पुरतेपणी लागूच पडत नाही.

थोरल्याच्या बाजूने मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. जे एकदा कापले ते पुन्हा न कापलेले होत नाही. अमेरिकेत कित्येक टीडींच्या पोटात फोर्डची आठ सिलिंडरांची एंजिने कोंबली गेली. ती कोंबणाऱ्यांची हौस चार-दोन वर्षांत फिटली, आणि मागे राहिले ते छाटलेले पत्रे नि भोके पडलेल्या चॅसिस. फॅशनच्या नावाने केलेला बदल जितका नवा, तितक्या लवकर तो जुना दिसू लागतो. १९७० नंतर मोटारींना लावलेली रुंद चाके आज पाहावत नाहीत. साठ वर्षांचा फिकटलेला मूळ रंग मात्र पाहावासा वाटतो.

कायदाही थोरल्याकडे झुकतो. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चॅसिस, अंग वा एंजिन यांत मोठा बदल न झालेले वाहन 'व्हिंटेज' ठरते. नव्याने नोंद करायची तर शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. आधीच नोंद असलेल्या वाहनाला जुना क्रमांक राखता येतो. थोरला हे सारे कागद घेऊनच बसला होता. पण त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, आणि ते धाकट्याने वाचून दाखवले. असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा निमित्तांनीच आणता येते. म्हणजे सन्मान मिळतो आणि रस्ता जातो. दुसऱ्या बाजूला, धाकट्याचा कापाकापीचा बेतही कायद्यात बसणारा नव्हताच. कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल वाहनात करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे.

इंग्लंडमध्ये या बाबतीत निराळी दृष्टी दिसते. तेथे फेरफार केलेल्या वाहनाने आपला जुना क्रमांक राखावा की नाही, हे ठरवण्यासाठी अनेक वर्षे एक गुणपद्धती वापरली गेली. निदान ८ गुण लागत. त्यांतले ५ गुण मूळ चॅसिसचे. सुकाणू, आस, गिअरबॉक्स यांना प्रत्येकी २. आणि एंजिनाला किती, तर अवघा १! हे ऐकून धाकटा खुशीत आला. मी त्याला म्हटले, "खूश होऊ नकोस. तू जी कापायला निघाला आहेस तिचेच पाच गुण आहेत."

मग थोरल्याने आपला हुकमाचा पत्ता टाकला. एका बेंटली मोटारीचा खटला. तो मला इतका आवडला, की सविस्तर सांगते. 'ओल्ड नंबर वन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो सारथ्य करणाऱ्यांत होते. शर्यतीची मोटार ती. प्रत्येक हंगामात तिचे काही ना काही बदलत गेले. १९३२ साली तिच्यात अधिक मोठे, आठ लिटरचे एंजिन होते. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या उतरत्या कड्यावरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाले. पुढे तिच्यावर बंदिस्त अंग चढवण्यात आले. बऱ्याच काळानंतर एका मालकाने तिला शर्यतीच्या काळातले उघडे रूप परत दिले आणि ती विकायला काढली. सौदा सुमारे १ कोटी पौंडांचा. ऐन वेळी खरेदीदाराने हात आखडला: ज्या मोटारीने ल मान्स जिंकली तिचा एखाददुसरा तुकडादेखील हिच्यात धड उरलेला नाही, मग ही 'ती' मोटार कशी?

प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले आणि १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. ही मोटार काटेकोर अर्थाने 'मूळ' नाही, हे त्यांनी मान्य केले. तथापि ती अस्सल आहे, असे त्यांनी ठरवले. कारण तिचे भाग हळूहळू, वर्षानुवर्षांत बदलत गेले; ती कोठे मोडीत निघाली, हरवली किंवा तिच्या नावाने दुसरीच उभी राहिली असे कधी झाले नाही. पहिल्या दिवसापासून आजवरचा तिचा प्रवास अखंड सांगता येतो, आणि ते सातत्य हीच तिची ओळख. विकणारा जिंकला.

"पाहिलेस आत्या," थोरला म्हणाला, "अस्सलपणाला एवढी किंमत आहे." मी म्हटले, "पाहिले. पण मला यात वेगळेच दिसते. त्या न्यायमूर्तींनी धातूचे वजन केले नाही, हकिगतीचे केले. तू तर हकिगतीतली चव्वेचाळीस वर्षेच काढून टाकायला निघालास. आणि हा धाकटा पुढची पाने कोरी सोडून नवे पुस्तकच सुरू करतो आहे. दोघांनाही दादाची मोटार नको आहे. एकाला दादाच्या आधीची हवी, दुसऱ्याला नंतरची."

माझे बोलणे दोघांनाही लागले असावे. कोणी काही बोलेना. तेव्हा वहिनी आत गेल्या आणि त्यांनी पायऱ्यांखालची पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर आणवली. "हे पाहून मग काय ते ठरवा," म्हणाल्या. ट्रंकेत लहान लहान पुरचुंड्या होत्या. प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. मूळचे दोन एसयू कार्ब्युरेटर, तेलात भिजवलेल्या फडक्यात. मोडलेल्या क्रँकशाफ्टचे दोन्ही तुकडे. वाळवीने खाल्लेला ॲशचा एक तुकडा. आणि सर्वांत वर एक लाल कापडी बांधणीची वही.

दादाच्या अक्षरातली ती वही आम्ही त्या रात्री बारापर्यंत वाचत बसलो. १९६८ ची नोंद: डाव्या दरवाज्याची चौकट वाळवीने गेली, डांगच्या सागाची नवी केली, जुना तुकडा मापासाठी ठेवला आहे. १९७५ ची नोंद दोन पाने भरून. त्यात शेवटी त्याने लिहिले होते: "चॅसिसला एकही नवे भोक पाडलेले नाही. जुन्याच भोकांवर पट्ट्या कसून एंजिन टेकवले आहे. मूळ एंजिन तेल लावून गोणपाटात ठेवले. पुढे कोणाला परत बसवावेसे वाटले तर बसवता यावे." १९८२ ची नोंद वहिनींबद्दल. या मोटारीला मुळात वळण दाखवणारे दिवेच नव्हते. हात बाहेर काढून खूण करायची. वहिनींनी दिव्यांवाचून तिच्यात पाय ठेवायचे नाकारले, तेव्हा दादाने दिवे बसवले, पण मडगार्डला भोक न पाडता बंपरला चिमटे लावून. २००० साली देशभरातून शिशाचे पेट्रोल गेले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण करी. ते गेल्यावर दादाने हेडमध्ये कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतल्या, आणि तेही तारखेनिशी लिहिले. अखेरची नोंद २०१८ ची, थरथरत्या अक्षरात: बॅटरीचे पाणी.

दादाचे शिक्षण मोटारविद्येतले नव्हे. तो सरकारी कचेरीत कारकून होता. परंतु जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरीन येथे जी सनद संमत केली, तिच्यात नेमके हेच सांगितले आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसला जी सनद झाली होती तिच्या धर्तीवर ही बेतलेली. वस्तूच्या वापराच्या काळात तिच्यात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचे अंग मानावे. सुरक्षिततेसाठी नवे काही करायचे तर मूळ रचनेला कमीत कमी धक्का लावून आणि पुन्हा काढता येईल असे करावे. काढलेले महत्त्वाचे भाग वस्तूसोबत जपावेत. आणि केलेले सर्व लिहून ठेवावे. दादाने ही सनद कधी पाहिली नव्हती. त्याला फक्त एवढे कळत होते, की मोटार आपल्यानंतरही राहणार आहे.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द जुना आहे, आणि त्याचे दोन्ही मासले आपण पाहिले आहेत. दगड ढासळला तेथे नेमका दगड बसवून, वरची कोरीव पट्टी तशीच ठेवून केलेला जीर्णोद्धार असतो. आणि जुना लाकडी सभामंडप पाडून सिमेंटचा स्लॅब व चकचकीत फरश्या घालून केलेलाही जीर्णोद्धारच म्हणवतो. झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करतात तेव्हाही झीज थांबावी एवढाच हेतू असतो, नवे नाकडोळे कोरावेत असा नसतो. तंबोऱ्याच्या तारा बदलतात, जवारी पुन्हा काढतात. भोपळा मात्र फुटेपर्यंत कोणी बदलत नाही.

आणि आपल्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांना हा प्रश्न नवा आहे काय? पुण्याचे पाहुणे आमच्या बोलण्यातले गुजराती शब्द ऐकून हसतात, तेव्हा मला ॲम्बॅसॅडरचे ते एंजिन आठवते. आमच्या भाषेतही असे भाग आहेत. ज्या काळी मूळचा सुटा भाग मिळत नव्हता त्या काळी शेजारून घेऊन गाडी चालती ठेवली. ते खरवडून काढावेत असे मला वाटत नाही. पण म्हणून चॅसिसच कापून टाकावी, मुलांना मराठी वाचताही येऊ नये, हेही मला सोसवत नाही. असो.

निवाडा अखेर दादाच्याच वहीने केला. मूळ एंजिन दुरुस्त करायचे ठरले. ब्लॉकचा तडा, उष्णता न देता, धातूचे टाके घालून सांधता येतो. नवा क्रँकशाफ्ट थोरला इंग्लंडहून आणणार आहे. ते तयार होण्यास वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर मोटार ॲम्बॅसॅडरच्या एंजिनावरच चालेल; आणि ते उतरले की भंगारात जाणार नाही, त्याच गोणपाटात, त्याच पायऱ्यांखाली जाईल, चिठ्ठी बांधून. साग आणि हिरवा रंग दोन्ही राहतील. थोरल्याला हिरव्या रंगाचे दुःख झाले, ते त्याने लपवले नाही. धाकट्याला पाचवा गिअर मिळाला नाही. त्याची समजूत कमरपट्ट्यांवर घातली. ते चॅसिसच्या जुन्याच भोकांत बसतात. शिवाय २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यामुळे एक बदल टळण्यासारखा नव्हताच. इथेनॉलने जुने रबर फुगते आणि चिरते. इंधनाच्या नळ्या गळून आग लागली तर अस्सल मोटारीची अस्सल राख तेवढी उरायची. म्हणून नळ्या आणि कार्ब्युरेटरची रबरे नव्या जातीची घातली. 'व्हीए' क्रमांकाचा विचार मूळ एंजिन बसल्यावर करू, असे म्हणून तो तूर्त पुढे ढकलला आहे. त्यावर दोघे भाऊ अजून एकमत झालेले नाहीत, आणि कदाचित होणारही नाहीत.

ज्यांच्या घरी अशी एखादी वस्तू आहे, मग ती मोटार असो, हार्मोनियम असो की आजीचे शिवणयंत्र, त्यांना माझे सांगणे थोडके आहे. बदल करण्यापूर्वी तो परत फिरवता येईल का, हे विचारावे. परत फिरवता येत नसेल आणि जिवाला धोका नसेल, तर तो करू नये. जिवाला धोका असेल तर संकोच न करता करावा. काढलेला तुकडा फेकू नये. आणि काय केले, केव्हा केले, का केले, हे लिहावे. 'का' हा रकाना बहुतेक लोक विसरतात. पुढच्या पिढीचे भांडण बहुधा त्या रिकाम्या रकान्यावरूनच होते.

थोरला परत जाण्याच्या आदल्या दिवशी धाकट्याने मला मोटारीतून सुरसागराला एक फेरी मारून आणले. टप उघडाच होता, रस्त्यातली मुले हात करीत होती, आणि मागच्या बाजूने थोडे तेलही गळत होते. ते मूळ एंजिनाचेही गळत असे. घरी आल्यावर त्याने लाल वही उघडली, दादाच्या अखेरच्या नोंदीखाली एक रेघ सोडली आणि तारीख घालून लिहिले: "इंधनाच्या रबरी नळ्या बदलल्या. जुन्या ट्रंकेत ठेवल्या. आत्याला फिरवून आणले." नळ्यांच्या नोंदीत माझे नाव कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, "पुढे कोणी विचारले, की गाडी चालत होती का, तर साक्षीला कोणीतरी हवे."

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही असेल तर अवश्य कळवावे. मोटारीचीच असली पाहिजे असे नाही.